लिनक्स सुरू व्हायला दीड-दोन मिनिटं लागतायत? आधी वेळ कुठे अडतो ते मोजा

एसएसडी असलेलं, ठीकठाक प्रोसेसरचं लिनक्स मशिन बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंत साधारण १५ ते ३० सेकंदांत यायला हवं. ते दीड-दोन मिनिटं घेत असेल तर बहुतेक वेळा ते कामात गुंतलेलं नसतं, कशाची तरी वाट बघत बसलेलं असतं. कधी आता नसलेल्या पार्टिशनची, कधी न येणाऱ्या नेटवर्कची, कधी उत्तर न देणाऱ्या यूएसबी उपकरणाची. अशा प्रत्येक वाट बघण्याला मुदत ठरवून दिलेली असते. ती संपली की मशिन पुढे सरकतं आणि दिवसभर व्यवस्थित चालतं. काही मोडलेलं दिसत नाही, म्हणून दुरुस्तीही होत नाही आणि दुखणं अंगवळणी पडतं.

यात आपल्या सोयीची गोष्ट अशी की मुदत ठरलेली असल्यामुळे उशीर रोज जवळपास तेवढाच असतो. बरोबर ९० सेकंद, बरोबर ३०, बरोबर ६०. त्या आकड्यावरूनच पाणी कुठे मुरतंय ते कळतं. म्हणून इंटरनेटवर सापडलेल्या ‘या दहा सर्व्हिसेस बंद करा’ छापाच्या याद्यांना हात लावण्याआधी मोजमाप करा. त्यातल्या बहुतेक सर्व्हिसेस बंद करून वाचतात ते सेकंदाचे अंश, आणि जातो तो प्रिंटर किंवा ब्लूटूथ.

इथलं बहुतेक सगळं सिस्टमडी (बूट होताना सगळ्या सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या वितरणांसाठी आहे: डेबियन, उबंटू, मिंट, फेडोरा, ओपनसुसे, आर्च. त्याऐवजी ओपनआरसी किंवा रनिट असेल तर सर्व्हिसेसचा भाग सोडा. कर्नल, डिस्क आणि फर्मवेअरचं निदान तसंच लागू पडतं.

पहिलं मोजमाप

टर्मिनलमध्ये ‘सिस्टमडी-ॲनलाइझ’ एवढंच टाइप करून एंटर दाबा (रोमन अक्षरांत, systemd-analyze; पुढच्या कमांडही रोमनमध्येच टाइप करायच्या). एका ओळीत वेळेची फोड मिळते: फर्मवेअर, लोडर, कर्नल, काही वितरणांत इनिटआरडी (रूट पार्टिशन सापडेपर्यंतचा तात्पुरता टप्पा), आणि शेवटी यूजरस्पेस. फर्मवेअर हा मदरबोर्डचा स्वतःचा वेळ. लोडर म्हणजे ग्रब किंवा तसाच दुसरा मेन्यू. कर्नलमध्ये ड्रायव्हर चढतात आणि डिस्क ओळखल्या जातात, तर यूजरस्पेसमध्ये त्यापुढच्या सगळ्या सर्व्हिसेस येतात. जुन्या बायॉस पद्धतीने सुरू होणाऱ्या मशिनवर पहिले दोन आकडे येत नाहीत. तिथे घड्याळ लावून मोजावं लागतं.

आकड्यांऐवजी ‘बूटअप इज नॉट येट फिनिश्ड’ असं उत्तर आलं तर एखादं काम अजून लटकलेलं आहे. ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-जॉब्स’ चालवा. ज्या ओळीसमोर ‘रनिंग’ दिसतं तो अडथळा. ‘वेटिंग’वाले त्याच्यामागे खोळंबलेले असतात.

ही फोड वाचताना एक फसगत हमखास होते. डेबियनवर आणि उबंटूच्या ज्या आवृत्त्या इनिट्रॅमएफएस-टूल्स वापरतात त्यांवर, रूट पार्टिशन सापडेपर्यंतचा इनिट्रॅमएफएसचा (कर्नलसोबत रॅममध्ये चढणाऱ्या छोट्या तात्पुरत्या फाइल सिस्टीमचा) वेळ ‘कर्नल’च्या खात्यात मोजला जातो, कारण त्या टप्प्यात सिस्टमडी चालत नसतो. त्यामुळे ‘कर्नल ३५ सेकंद’ पाहून लोक कर्नल बदलत बसतात आणि दोष असतो इनिट्रॅमएफएसमधल्या एका ओळीत. फेडोरात ड्रेकट या इनिट्रॅमएफएस बनवणाऱ्या साधनामुळे हा टप्पा ‘इनिटआरडी’ म्हणून वेगळा दिसतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासवर्ड टाइप करायला तुम्ही घेतलेला वेळही याच आकड्यांत जमा होतो. मोजताना पासवर्ड लगेच टाका, नाहीतर तुमचाच खोळंबा मशिनच्या नावावर जाईल.

आता ‘सिस्टमडी-ॲनलाइझ ब्लेम’. प्रत्येक युनिटला (सर्व्हिस, माउंट, उपकरण अशा सिस्टमडीच्या नोंदीला) सुरू व्हायला किती वेळ लागला ती यादी, मोठ्यापासून लहानापर्यंत. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि सगळ्यात वरचं नाव दोषी धरतात. पण सर्व्हिसेस एकाच वेळी समांतर सुरू होत असतात, त्यामुळे २० सेकंद घेणारी एखादी सर्व्हिस कुणालाही न अडवता मागे चालू असू शकते. ‘प्लायमाउथ-क्विट-वेट’ ही सर्व्हिस यादीत नेहमी वर दिसते. तिचं कामच मुळी लॉगिन स्क्रीन येईपर्यंत थांबणं आहे. तिच्या नावावर जे सेकंद दिसतात ते दुसऱ्या कुणाचे तरी असतात. ‘डेव-’ने सुरू होऊन ‘डिव्हाइस’ने संपणाऱ्या ओळी वर दिसल्या तर त्याचा अर्थ इतकाच की ते उपकरण तयार असल्याची वर्दी यायला तेवढा वेळ लागला.

खरी साखळी ‘सिस्टमडी-ॲनलाइझ क्रिटिकल-चेन’ दाखवतं. तिथे प्रत्येक ओळीत दोन आकडे असू शकतात. ‘ॲट’च्या चिन्हानंतरचा आकडा म्हणजे यूजरस्पेस सुरू झाल्यापासून ते युनिट कितव्या सेकंदाला सुरू किंवा सक्रिय झालं, आणि अधिक चिन्हानंतरचा आकडा म्हणजे त्याने स्वतः किती वेळ घेतला. खालून वर वाचत जा आणि अधिक चिन्हापुढचा मोठा आकडा शोधा. लॉगिन स्क्रीनपुरतंच पाहायचं असेल तर याच कमांडला जीडीएम, एसडीडीएम किंवा लाइटडीएम, जो डिस्प्ले मॅनेजर असेल त्याच्या सर्व्हिसचं नाव जोडा. कारण एकूण आकडा ७० सेकंदांचा दिसत असताना लॉगिन स्क्रीन १५ व्या सेकंदालाच आलेली असू शकते. तसं असेल तर ज्याचा तुम्हाला त्रास होतोय तो उशीर वेगळाच आहे.

चित्र पाहायला सोपं जातं त्यांनी ‘सिस्टमडी-ॲनलाइझ प्लॉट’चं आउटपुट एसव्हीजी फाइलमध्ये वळवून ती ब्राउझरमध्ये उघडावी. लांब लाल पट्टी आणि तिच्या शेवटाला एकदम सुरू होणाऱ्या दहा-बारा पट्ट्या दिसल्या की अडवणारा सापडला.

बरोबर दीड मिनिट: नसलेल्या पार्टिशनची वाट

सिस्टमडीची उपकरणासाठी थांबण्याची मूळ मुदत ९० सेकंद आहे. बूट होताना एस्केप दाबून चित्र हटवलंत तर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर’ अशी ओळ, तिच्यापुढे डिस्कचा लांबलचक यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि मोजत जाणारं घड्याळ दिसतं. बूट झाल्यावर ‘जर्नलसीटीएल डॅश बी’मध्ये (या बूटच्या लॉगमध्ये) ‘टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस’ शोधा, तोच यूयूआयडी तिथेही असेल.

कारण जवळजवळ नेहमी ईटीसी डिरेक्टरीतली, कोणती पार्टिशनं जोडायची ते सांगणारी एफस्टॅब फाइल असते. तिच्यात लिहिलेला यूयूआयडी आता कोणत्याच पार्टिशनचा नसतो. डेटाचं पार्टिशन असं हरवलं तर मुदतीनंतर मशिन थेट इमर्जन्सी मोडमध्ये जातं, म्हणून ते लगेच लक्षात येतं. स्वॅपचं (रॅम कमी पडली तर वापरायच्या डिस्कवरच्या जागेचं) मात्र तसं नाही. स्वॅप सापडला नाही तरी बूट थांबवलं जात नाही; ९० सेकंद वाट पाहिली जाते आणि मग सगळं नेहमीसारखं सुरू होतं. रॅम पुरेशी असेल तर स्वॅप नाही हे महिनोन् महिने कळतही नाही. एकाच मशिनवर दोन वितरणं असतील तर हे हटकून घडतं: दुसऱ्याचं इन्स्टॉलर सामाईक स्वॅप पार्टिशन नव्याने फॉरमॅट करतं, त्याला नवा यूयूआयडी मिळतो आणि पहिल्याच्या एफस्टॅबमध्ये जुना तसाच राहतो.

तपासायचं असं. ‘एलएसबीएलके डॅश एफ’ने सध्याचे यूयूआयडी पाहा, ‘स्वॅपऑन डॅश डॅश शो’ने स्वॅप खरंच चालू आहे का ते पाहा, आणि यूयूआयडी एफस्टॅबशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. ‘फाइंडएमएनटी डॅश डॅश व्हेरिफाय’ ही कमांड एफस्टॅबमधल्या चुका स्वतःच दाखवते. ती फार कमी लोकांना ठाऊक आहे.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे एफस्टॅबमध्ये नवा यूयूआयडी लिहायचा. दुसरा: आधी ‘स्वॅपऑफ’ करा, मग ‘एमकेस्वॅप’ला ‘डॅश यू’ देऊन जुनाच यूयूआयडी पुन्हा त्या पार्टिशनला बसवा. (कॅपिटल यू, आणि पार्टिशनचं नाव दोनदा तपासून. एमकेस्वॅप चुकीच्या पार्टिशनवर चालला तर तिथल्या फाइल सिस्टीमवर पाणी सोडावं लागेल.) दोन वितरणं असतील तर दोन्हींच्या एफस्टॅबमध्ये तोच जुना यूयूआयडी आहे ना ते पाहा, नसेल तर एका ठिकाणची ओळ बदलावी लागेलच. पुढच्या वेळी इन्स्टॉलरमध्ये त्या पार्टिशनसमोरचा फॉरमॅटचा पर्याय काढून टाकला की प्रश्न पुन्हा उभा राहत नाही.

बाहेरची हार्डडिस्क, जी कधी जोडलेली असते कधी नसते, तिच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घाला. पण एकट्या नोफेलने पुरतं समाधान होत नाही. बूट त्या डिस्कसाठी थांबत नाही हे खरं, तरी तिची वाट मागे ९० सेकंद चालूच राहते आणि सिस्टमडी-ॲनलाइझचा एकूण आकडा फुगलेलाच दिसतो. म्हणून सोबत ‘एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट’ ५ सेकंदांवर आणा. होम वेगळ्या पार्टिशनवर असेल तर त्याला नोफेल देऊ नका. ते माउंट न होता लॉगिन झालं तर रिकाम्या होममध्ये नव्या फाइली तयार होतात आणि नंतर निस्तरणं अवघड जातं. एन्क्रिप्शन असेल तर एन्क्रिप्ट केलेल्या पार्टिशनांची नोंद ठेवणारी क्रिप्टटॅब फाइलही याच नजरेने तपासा.

बदल केल्यावर रीस्टार्टची घाई नको. आधी ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’, मग ‘माउंट डॅश ए’ आणि ‘स्वॅपऑन डॅश ए’. तिन्ही गुपचूप पार पडल्या तरच रीस्टार्ट करा.

हाच ९० सेकंदांचा आकडा कमी करायचा म्हणून सिस्टमडीच्या मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये ‘डिफॉल्टटाइमआउटस्टार्टसेक’ १० वर आणण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. तो मानू नये. ज्या सर्व्हिसला कधीतरी खरंच जास्त वेळ लागतो, उदाहरणार्थ बंद पडल्यानंतर स्वतःची दुरुस्ती करणारा डेटाबेस, ती मध्येच मारली जाते. मूळ दोष तसाच राहतो आणि वर नवा येतो.

कर्नलच्या खात्यातले ३० सेकंद

कर्नलचे संदेश दाखवणारी ‘डीमेसेज’ कमांड चालवा आणि डाव्या बाजूच्या कंसातले सेकंद वाचत खाली या. तिसऱ्या सेकंदाला यूएसबी माउस ओळखला गेला आणि पुढची ओळ, रूट फाइल सिस्टीम माउंट झाल्याची, थेट ३४ व्या सेकंदाला असेल तर मधली पोकळी इनिट्रॅमएफएसची आहे. क्वाएट आणि स्प्लॅश हे दोन शब्द काढून बूट केलंत (ग्रबच्या मेन्यूत ई दाबून, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी सापडतात, हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो) तर पडद्यावर ‘गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस’ हे वाक्य दिसेल.

म्हणजे पुन्हा तोच स्वॅप. हायबरनेट केलेली अवस्था परत आणण्यासाठी इनिट्रॅमएफएस स्वॅपचा यूयूआयडी स्वतःजवळ ठेवतं. एफस्टॅब सुधारली तरी ही दुसरी नोंद जुनीच राहते, आणि ‘९० सेकंद गेले पण ३० राहिले’ अशी अवस्था होते. डेबियन-उबंटूवर ती नोंद इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ.डी डिरेक्टरीतल्या ‘रिझ्यूम’ नावाच्या फाइलमध्ये असते. हायबरनेट वापरत नसाल, किंवा स्वॅप फक्त झेडरॅमवर (रॅममध्येच दाबून ठेवलेला) असेल, तर तिथे ‘रिझ्यूम’ची किंमत ‘नन’ लिहा. वापरत असाल तर बरोबर यूयूआयडी लिहा. मग ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस डॅश यू डॅश के ऑल’. शेवटचा ‘ऑल’ महत्त्वाचा. तो नसेल तर फक्त एका कर्नलची प्रतिमा सुधारते आणि दुसरं कर्नल निवडल्यावर उशीर परत येतो.

फेडोरात हाच यूयूआयडी कर्नलच्या पॅरामीटरमध्ये ‘रिझ्यूम’ म्हणून असतो. ‘ग्रबी’ने तो सगळ्या कर्नलांसाठी काढा किंवा बदला, मग ‘ड्रेकट डॅश एफ’. आर्चवर पॅरामीटर बदलून ‘एमकेइनिटसीपीआयओ डॅश कॅपिटल पी’.

पोकळी असूनही ‘रिझ्यूम’चा उल्लेख नसेल तर हार्डवेअरकडे वळा. डीमेसेजमध्ये दोन प्रकारच्या ओळी शोधाव्यात. पहिली ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -११०’. ११० हा लिनक्समधला मुदत संपल्याचा क्रमांक आहे. एखादं यूएसबी उपकरण किंवा हब स्वतःची ओळख सांगत नाही, कर्नल पुन्हा पुन्हा विचारतं, आणि प्रत्येक खेपेला काही सेकंद जातात. कीबोर्ड-माउस सोडून सगळं काढा, बूट करा, मग एकेक जोडत जा. लॅपटॉपवर बाहेर काहीच जोडलेलं नसताना ही ओळ येत असेल तर आतला कार्ड रीडर, कॅमेरा किंवा फिंगरप्रिंट सेन्सर पाहा. वापरात नसेल तर फर्मवेअर सेटिंगमध्ये तो बंद करता येतो का ते बघा.

दुसरा प्रकार ‘एटीए’ने सुरू होणाऱ्या ओळींचा: ‘लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड’, ‘फेल्ड कमांड’, ‘हार्ड रिसेटिंग लिंक’, ‘लिमिटिंग साटा लिंक स्पीड’. इथे विषय फक्त उशिराचा राहत नाही, डेटाचा होतो. आधी बॅकअप घ्या, मग डिस्कची तब्येत सांगणारी कमांड, ‘स्मार्टसीटीएल डॅश ए’. त्या तक्त्यात क्रमांक ५, १९७, १९८ आणि १९९ यांच्या शेवटच्या रकान्यातला कच्चा आकडा पाहा. ५ म्हणजे खराब निघून बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाच्या प्रतीक्षेतले, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. १९७ शून्यावर असला पाहिजे. नसेल तर बूटच्या वेळी त्या सेक्टरशी डिस्क झगडत असते आणि उशीर त्यातून येतो. अशा डिस्कवर वेग वाढवण्याचे उपाय करत बसू नये, ती बदलावी. १९९ वेगळा आहे: तो डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या केबलवर झालेल्या चुका मोजतो. हा आकडा एकदा वाढला की पुन्हा शून्यावर येत नाही, म्हणून आज लिहून ठेवा, चार दिवसांनी पुन्हा पाहा. वाढत असेल तर साटा केबल बदला किंवा दुसऱ्या पोर्टात लावा. स्वस्तातली आणि बहुतेक वेळा यशस्वी ठरणारी दुरुस्ती.

‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड, एरर -२’ या ओळीला घाबरून जाऊ नका. फाइल सापडली नाही एवढाच तिचा अर्थ. सहसा तिच्यामुळे उशीर होत नाही.

नेटवर्कसाठी ६० किंवा १२० सेकंद

‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’ची मुदत ६० सेकंद, ‘सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन’ची १२०. दोन्ही सर्व्हिसेस चालू दिसत असतील तर दोष तिथेच आहे. नेटवर्क सांभाळतो नेटवर्कमॅनेजर, नेटवर्कडीच्या हाती एकही पोर्ट नसतो, आणि तरी त्याची वेट-ऑनलाइन कुठलं तरी पोर्ट जोडलं जाईल म्हणून १२० सेकंद थांबते. जो नेटवर्क सांभाळत नाही त्याची वेट-ऑनलाइन बंद करा.

एकच असूनही वेळ जात असेल तर कारण बहुधा असं: दोन इथरनेट पोर्ट आहेत आणि केबल एकातच आहे, किंवा जुन्या वायफायचं प्रोफाइल आपोआप जोडण्यावर ठेवलेलं आहे, किंवा राउटर पत्ताच देत नाही. नेटवर्कमॅनेजर डीएचसीपीसाठी ४५ सेकंद थांबतो, त्यामुळे ४५ च्या आसपासचा उशीर दिसला तर राउटरकडे बघा. नेटप्लॅन वापरणाऱ्या सर्व्हरवर रिकाम्या पोर्टाला ‘ऑप्शनल: ट्रू’ लिहिलं की काम भागतं.

घरच्या डेस्कटॉपवर ही वेट-ऑनलाइन सर्व्हिस सरळ ‘डिसेबल’ केली तरी इंटरनेट नेहमीसारखंच जोडलं जातं; फक्त बाकीचे त्यासाठी थांबत नाहीत. त्याआधी ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज डॅश डॅश रिव्हर्स नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ चालवून कुणाकुणाला ती लागते ते पाहा. नेटवर्कवरचे एनएफएस किंवा सांबाचे फोल्डर एफस्टॅबमधून माउंट होत असतील तर त्या ओळींत ‘नोऑटो’ आणि ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ घाला. मग फोल्डर पहिल्यांदा उघडल्यावर माउंट होतो आणि बूट त्याच्यावर अवलंबून राहत नाही.

कंटेनर चालवणारा डॉकर हाही नेटवर्कमागे थांबणाऱ्यांपैकी आहे. रोज लागत नसेल तर डॉकरची सर्व्हिस डिसेबल करून सॉकेट तेवढं चालू ठेवा. पहिली डॉकर कमांड दिली की तो जागा होईल. मात्र बूटसोबत आपोआप उठणारे कंटेनर असतील तर ते तोपर्यंत उठणार नाहीत.

खरंच काम जास्त असेल तेव्हा

वरच्यापैकी कोणताही गोल आकडा नाही, ब्लेमची यादी सगळीच थोडी थोडी फुगलेली आहे आणि डिस्कचा दिवा सतत जळतोय, असं असेल तर मशिन फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कवर आहे. बूट होताना हजारो लहान फाइली इकडून तिकडून वाचाव्या लागतात आणि अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक विखुरलेली वाचनं करते. तिथे सर्व्हिसेस छाटून पाच-दहा सेकंद मिळतील. साधी साटा एसएसडी लावली तर निम्म्याहून जास्त वेळ वाचेल. या एका बाबतीत पैसे खर्च करणं हाच प्रामाणिक सल्ला आहे.

तोवर करण्यासारख्या गोष्टी: ‘जर्नलसीटीएल डॅश डॅश डिस्क-युसेज’ पाहा. हे लॉग, फाइल सिस्टीमच्या १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंत वाढू दिले जातात, आणि हार्डडिस्कवर त्यांच्यामुळे ‘सिस्टमडी-जर्नल-फ्लश’ रेंगाळतं. ‘डॅश डॅश व्हॅक्यूम-साइझ’ने २०० एमबीवर आणा आणि जर्नलडीच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘सिस्टममॅक्सयूज’ तेवढंच ठेवा. उबंटूवर स्नॅप पॅकेजं भरपूर असतील तर प्रत्येकाचं एक लूप माउंट होतं. ‘स्नॅप लिस्ट डॅश डॅश ऑल’मध्ये ‘डिसेबल्ड’ दिसणाऱ्या जुन्या आवृत्त्या काढून टाका.

दर बूटला फाइल सिस्टीमची तपासणी होत असेल तर ते नैसर्गिक नाही. जर्नलमध्ये ‘लास्ट माउंट टाइम इज इन द फ्युचर’ असं असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बहुधा संपलेला आहे. वीज गेली की घड्याळ मागे जातं, तपासणीला वाटतं डिस्क भविष्यातून आली, आणि ती सगळी चाळून काढते. सेल बदला, फर्मवेअरमध्ये तारीख लावा, तपासणी थांबेल.

लिनक्सच्या आधीचे सेकंद

फर्मवेअरचा आकडा मोठा असेल तर लिनक्समध्ये काही शोधू नका. सेटिंगमध्ये नेटवर्क बूट बंद करा आणि लिनक्सची नोंद क्रमात पहिली आणा. ‘ईएफआयबूटएमजीआर’ने उरलेल्या जुन्या नोंदीही दिसतात. डीडीआर५ रॅम नव्याने बसवल्यावर पहिला बूट बराच वेळ काळा पडदा दाखवतो. तेव्हा मेमरी जुळवली जात असते, वीज तोडू नका. लोडरचा आकडा मोठा असेल तर ईटीसीमधल्या डीफॉल्ट डिरेक्टरीतल्या ग्रबच्या फाइलमध्ये ‘ग्रब_टाइमआउट’ पाहा. उबंटूवर मागचा बूट अर्धवट राहिला असेल तर मेन्यू ३० सेकंद थांबतो, त्यासाठी ‘ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट’ वेगळं आहे.

लॉगिननंतरचा उशीर

पासवर्ड टाकल्यावर डेस्कटॉप यायला वेळ लागतो, किंवा पहिलं ॲप २५ सेकंद उघडतच नाही, हे वेगळं दुखणं आहे आणि वरचे आकडे त्याला पकडत नाहीत. ‘सिस्टमडी-ॲनलाइझ डॅश डॅश यूजर ब्लेम’ वापरा. २५ सेकंद ही डी-बसची (प्रोग्राममधले निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेची) उत्तरासाठी थांबण्याची मुदत आहे आणि तिच्यामागे बहुतेकदा ॲपना फाइल निवडण्यासारख्या सोयी पुरवणारा ‘एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल’ असतो. केडीई किंवा स्वे वापरताना ग्नोमचा पोर्टल बसलेला असेल तर असं होतं. आपल्या डेस्कटॉपचा तेवढा ठेवा. स्वेसारख्या विंडो मॅनेजरवर तर ‘वेलँड_डिस्प्ले’ आणि ‘एक्सडीजी_करंट_डेस्कटॉप’ ही दोन व्हेरिएबल यूजर सिस्टमडीपर्यंत पोचवावी लागतात. ‘डीबस-अपडेट-ॲक्टिव्हेशन-एन्व्हायर्नमेंट डॅश डॅश सिस्टमडी’ ही कमांड सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घाला.

बरं झालेलं पुन्हा का उलटतं

दुरुस्ती चुकीच्या जागी केली म्हणून. डेबियन-उबंटूवर बूट डिरेक्टरीतली ग्रब.सीएफजी हाताने बदलली तर पुढच्या कर्नल अपडेटला ती नव्याने लिहिली जाते. बदल डीफॉल्टमधल्या ग्रबच्या फाइलमध्ये करून ‘अपडेट-ग्रब’ चालवायचं असतं. पॅकेजने दिलेली युनिट फाइल थेट सुधारली तर पॅकेज अपडेट तिच्यावर बोळा फिरवतं. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने केलेला बदल ईटीसीखाली वेगळा राहतो आणि टिकतो. आणि ‘डिसेबल’ केलेली सर्व्हिस दुसऱ्या कुणाला हवी असेल तर ती तरीही उठते. ती उठूच नये असं असेल तर ‘मास्क’. मास्क करताना मात्र यूडेव्हडी, डी-बस, जर्नलडी, लॉगिनडी आणि पोलकिट यांच्या वाटेला जाऊ नका.

उशीर नेमका कधीपासून सुरू झाला हे आठवत नसेल तर जर्नलला विचारा. ‘जर्नलसीटीएल’ला ‘_पीआयडी=१’ आणि ‘डॅश डॅश ग्रेप’मध्ये ‘स्टार्टअप फिनिश्ड’ दिलं की आजवरच्या प्रत्येक बूटचा एकूण वेळ तारखेसह समोर येतो, जेवढे लॉग शिल्लक आहेत तेवढा. ज्या दिवशी २० चे ११० सेकंद झाले ती तारीख घ्या आणि एपीटीचा हिस्टरी लॉग, ‘डीएनएफ हिस्टरी’ किंवा पॅकमनचा लॉग त्या तारखेला उघडा. एखादं अपडेट, नवं पॅकेज किंवा ड्रायव्हर तिथे सापडतो. आणि काहीच सापडलं नाही तर त्या दिवशी पार्टिशन किंवा हार्डवेअर बदललं होतं का ते तपासा. दुरुस्तीनंतरही हीच यादी वापरा, फक्त अपडेटनंतरचा लगेचचा बूट धरू नका, त्यात एकदाच करायची बरीच कामं उरकली जातात. मशिन पूर्ण बंद करून सुरू केलेल्या पुढच्या दोन बूटांचे आकडे खरे.